शेळीची भूक

राणीचा कायदा कोणापुढेही वाकत नाही. पोर्ट कॅरोत मात्र तो पिठाच्या खळीने चिकटवलेला असे, आणि त्या सोमवारी सकाळी तो तिसऱ्यांदा शेळीने खाल्ला होता.

"पुन्हा?" मॅजिस्ट्रेट थॉर्नबीसाहेबांनी विचारलं.

"पुन्हा, साहेब." इनॉक पेंगेली उजवा पाय आखडून उभा होता.

"तीच नोटीस?"

"जनावराची आवड, साहेब."

इनॉक वसाहतीची घंटा वाजवी, कबरी खणी आणि धक्क्याजवळच्या खांबावर नोटिशी चिकटवी. झऱ्यात कपडे धुऊ नयेत. फावडं ज्याने नेलं त्याचं नाव सर्वांना ठाऊक आहे. रविवारी चहापान, कप आपापले आणावेत. यांतल्या एकालाही शेळीने तोंड लावलं नव्हतं. तिला फक्त ट्रायफीना हॉकिनच्या जागेची नोटीस रुचत असे: मालकाने चार आठवड्यांच्या आत जातीने हजर होऊन कुंपण व छप्पर दाखवावं, नपेक्षा जागा सरकारजमा.

कुंपण होतं. ते ट्रायफीनाने एकटीने घातलं होतं, आणि गावात दुसऱ्या कुणाचं इतकं सरळ नव्हतं. छप्परही होतं. नव्हता तो मालक. सायलस हॉकिन देवमाशांच्या मागे जहाजावर गेला होता, आणि कायद्याला बायको दिसत नसे. कायद्यात आणखी एक कलम होतं. नोटीस चारही आठवडे सलग खांबावर हवी. मध्येच गेली, तर मोजणी पहिल्यापासून. हे कलम साहेबांनी इनॉकला स्वतः वाचून दाखवलं होतं. सावकाश, दोनदा. आपण मंद आहोत असं साहेबांना वाटत असावं, असं इनॉकला तेव्हा वाटलं.

तिन्ही नोटिशी त्याच्या उजव्या बुटात होत्या.

"इनॉककाका, लंगडताय कशानं?" ट्रायफीनाने कुंपणावरून विचारलं.

"कायद्यानं, पोरी."

"बूट काढा, बघू."

"नको. उघडा पडेल."

ती हसली नाही. समुद्राकडे बघत तिने विचारलं, "येतील ना हो ते?"

"जहाज आहे. वारा मिळाला की येतं," इनॉक म्हणाला. दोन वर्षांत त्याला याहून बरं उत्तर सुचलं नव्हतं.

शनिवारी साहेबांनी शेळीची चौकशी लावली. सगळं गाव खांबाभोवती जमलं. शेळी मिसेस ट्रेझाइजची होती, आणि त्या तिच्यापेक्षा जास्त संतापल्या होत्या. "माझी शेळी घरचं खाते, साहेब! सरकारी अन्नाची तिला सवय नाही!"

इनॉकने नवी नोटीस लावली. खळ मुद्दाम जाड फासली. शेळीने कागद हुंगला, तोंड फिरवलं आणि मिसेस ट्रेझाइजच्या टोपीची फीत चघळायला घेतली.

कुणी हसलं नाही. सरकारी नोटीस फाडणाऱ्याला काय होतं, तेही कधीतरी याच खांबावर लागलं होतं. बुटातले कागद इनॉकला एकेक करून टोचू लागले. साहेबांनी शेळीकडे पाहिलं. मग इनॉकच्या बुटाकडे, जरा जास्तच वेळ. मग काखेतली दुर्बीण काढून समुद्राकडे. ते रोजच बघत. ट्रायफीनाचा सायलस ज्या वर्षी गेला, त्याच वर्षी साहेबांची बायको इंग्लंडहून पुढच्या जहाजाने येणार होती. त्यानंतर पुष्कळ पुढची जहाजं येऊन गेली होती.

"शेळीला भूक नाही," साहेब म्हणाले.

"साहेब?"

"तसंच लिहून घे, पेंगेली. आज भूक नाही. आणि जनावर माझ्या ओट्याला बांध. मी स्वतः नजर ठेवीन."

शेळी बांधली गेली, तसं इनॉकला कळून चुकलं की आता कागद गेला तर दोष द्यायला चार पायांचं कुणी उरलं नाही. रविवारभर त्याने विचार केला. प्रार्थनेच्या वेळी घंटाही एक टोला जास्त वाजवली. अखेर त्याने ठरवलं: कागद काढायचा, आणि विचारलं तर कबूल करायचं. म्हाताऱ्याला कोठडीत घालून घालून किती दिवस घालतील? कबरी कोण खणेल?

सोमवारी तो खांबाशी गेला. नोटीस नव्हती. खळीत अडकलेले चार कोपरे तेवढे राहिले होते. इनॉकने खाली बसून बूट काढला आणि खात्री करून घेतली. तीनच होत्या.

साहेब ओट्यावर दुर्बिणीला डोळा लावून उभे होते. शेजारी शेळी आखूड दोराला बांधलेली, रवंथ करत होती.

"साहेब, नोटीस..."

"शेळी," साहेब म्हणाले.

"पण दोर..."

"शेळी, पेंगेली."

दुर्बीण धरलेल्या बोटांच्या नखांत खळ वाळली होती. इनॉकने ती पाहिली, आणि टोपी काढली.

"शेळीच, साहेब."

"नवी लाव. मोजणी पहिल्यापासून."

शेळीची भूक त्या हिवाळ्यात वाढतच गेली. वसंतात टपालाचं जहाज आलं. सायलस हॉकिन उतरला, निम्मा झालेला, दाढीत मीठ. "अहो, ताठ उभे राहा," ट्रायफीना त्याला कोपराने ढोसत म्हणाली, "मालक दिसायला हवं." साहेबांनी धक्क्यावरच कागद गुडघ्यावर धरून जागा त्याच्या नावे कायम केली. कुंपण बघायलाही गेले नाहीत.

मग ते तिथेच थांबले. उतारू उतरले, पिंपं उतरली, टपालाची पिशवीही उतरली. जहाजावरून आणखी कुणी यायचं नव्हतं. इनॉक थोड्या अंतरावर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"शेळी सोड," अखेर साहेब म्हणाले.

शेळी सोडून देण्यात आली. त्यानंतर पोर्ट कॅरोत कुणी नोटीस खाल्ली नाही.