वाचल्याची खूण

"मोबाइल यात ठेवायचे," एचआरचे साहेब म्हणाले आणि टेबलाचा खण उघडून उभे राहिले.

सहाची पाळी सुरू व्हायला दहा मिनिटं होती. प्रेस शॉपची सतरा माणसं रांगेत होती. कामाच्या वेळेत कोण किती वेळा सोशल मीडिया उघडतं, हे साहेबांनी महिनाभर कॅमेऱ्यात पाहून कागदावर उतरवलं होतं. यादीत पहिलं नाव वहिनींचं. रोज, पाळीच्या सुरुवातीलाच, न चुकता.

वहिनी पत्रा दाबणाऱ्या चार नंबरच्या प्रेसवर. रात्री त्याच प्रेसवर त्यांचा नवरा असतो, म्हणून त्या सगळ्या शॉपच्या वहिनी. त्याची बस फाटकातून बाहेर पडते तेव्हा यांची अजून वाटेतच असते. नवराबायकोची गाठ काय ती रविवारी.

"साहेब, एकदा ग्रुप बघते आणि ठेवते," वहिनी म्हणाल्या.

"एवढं काय असतं त्या ग्रुपवर?"

"रात्रपाळीचा निरोप असतो. कुठलं मशीन कसं चालतंय त्याचा."

"त्यासाठी रजिस्टर दिलंय ना?"

"रजिस्टर कोरंच असतं साहेब," मागून फिटर म्हणाला.

"म्हणजे बिघाड नसतात."

रजिस्टरात बिघाड लिहिला की लिहिणाऱ्याच्या हातात खुलाशाचं पत्र पडतं: मशीन बिघडेपर्यंत आपण काय करत होतात? चोर सोडून संन्याशाला फाशी. तेव्हापासून रजिस्टरात सगळी मशीनं ठणठणीत आहेत. साहेब तसे दुष्ट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की माणसं ग्रुपवर नुसते विनोद पाठवतात. पाठवायचीही, खोटं कशाला बोला. पण खरी गोष्ट सांगायची तर आधी पत्रांबद्दल बोलावं लागलं असतं, आणि पत्रांवर सही साहेबांचीच होती.

वहिनींनी मोबाइल ठेवला. साहेबांनी खणाला कुलूप लावलं.

पाऊण तास चार नंबर नीट चालला. मग वहिनींनी पत्रा साच्यात सरकवला, बटण दाबलं. वरचा साचा पडला, वर गेला. तयार नग काढायला त्यांनी उजवा हात आत घातला. साचा पुन्हा पडला. बटणाला कोणी हात लावला नव्हता.

फिटरने आणि आणखी दोघांनी मिळून त्यांना गाडीत घातलं. त्या ओरडत नव्हत्या. "हे आत्ताच झोपले असतील," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "त्यांना उठवू नका."

घरी तर कळवायलाच हवं होतं. साहेब टेबलाशी आले तेव्हा खणात एक फोन वाजत होता. त्यांना किल्ली पटकन लागेना. फोन थांबला, पुन्हा वाजायला लागला. वहिनींचाच होता. वर नाव होतं 'हे'.

साहेबांनी तो कानाला लावला.

"उचललास एकदाचा," पलीकडून आवाज आला. "अगं, पाच पन्नासला ग्रुपवर लिहिलंय, तुला वेगळंही पाठवलंय. चार नंबर मध्येच डबल मारतोय. फिटरला दाखवल्याशिवाय हात घालू नकोस. रोज तू वाचल्याची खूण दिसली की मी डोळे मिटतो. आज खूणच येईना. वाचलंस ना?"

साहेबांनी उघडा खण हळूच ढकलून बंद केला.

"बरं, हात कामात असतील तर बोलू नकोस," तो म्हणाला. "नुसतं हं म्हण."