कयन्याची भाकर

“मला कयन्याची भाकर,” तिच्या तोंडून निघून गेलं आणि नवऱ्यानं टेबलाखालून तिचा पाय दाबला. मेन्यूकार्डावर ज्वारी-उडदाची ही भाकर ‘कळण्याची’ अशी लिहिली होती. खानदेशातून पळून येऊन लग्न केल्यापासून तो पुण्यात तिच्याकडून ‘य’च्या जागी ‘ळ’ घोटून घेत होता. तिचे भाऊ शोधत फिरत होते. गावाकडचा एक कानही घात करायला पुरेसा होता. तरी या खानदेशी हॉटेलात यायचा हट्ट तिचाच.

कोपऱ्यातल्या चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज थांबला. थापणारी बाई टक लावून बघत होती. मग पदराला हात पुसत उठली आणि पोरीजवळ आली.

“कुठली गं तू?”

“नाशिकची.”

बाई चुलीकडे परतली. “चल, निघू,” नवरा पुटपुटला. पण ती चुलीकडेच बघत बसली.

बाई आली ती गरम भाकरी घेऊन. वाढता वाढता पोरीच्या कानाशी वाकली. “कयन्याची नाही, कळण्याची म्हणत जा. मीही वीस वर्षं नाशिकचीच आहे.”

तेवढ्यात हॉटेलचं दार करकरलं, आणि दोघीही एकदम दचकल्या.