चाकातली नळी

मोटरसायकलचं मागचं चाक काढून डल्सीनं शेडमधल्या बाकावर आडवं ठेवलं, तेव्हा वॉरिक दारातच उभा होता. उजव्या हाताच्या बोटांना त्यानं फडकं गुंडाळलं होतं. फाटक लागलं म्हणे.

"आई, किती वेळ?"

"घाई असेल तर तूच कर."

विशीत असताना त्यानं एकदा हे चाक स्वतः बसवलं होतं. दोन बेअरिंगांच्या मध्ये पोकळ नळी असते, तीच घालायला विसरला. एक्सलचा नट आवळला तशी बेअरिंगं आतून दाबली गेली, अर्ध्या वाटेत चाक जाम झालं, आणि पठ्ठ्या मेंढ्यांच्या कुरणांतून पायी घरी आला. गावच्या पबमध्ये अजून हसतात. तेव्हापासून चाकाचं काम आईकडे.

डल्सीनं जुनी बेअरिंगं ठोकून काढली. बोटानं फिरवली की खरखरत होती. नवी बसवताना हातोडीचा घाव बाहेरच्या कड्यावरच पडेल असं तिनं बघितलं. नवऱ्यानं, लेसनं शिकवलं होतं ते. लेस गेला, हातोडी राहिली. त्याच्याही बोटांना वरचेवर फाटक लागायचं.

"टपालाच्या गाडीनंच गेली ना जनीन? तू पाहिलंस?"

"पाहिलं. ब्रोकन हिलला मावशीकडे चालले म्हणाली. तुझ्या ट्रकची किल्लीही घेऊन गेली, बया."

"आणि तू थांबवलं नाहीस?"

"बायको तुझी, राखण मी करू? साधा रस्सा कधी धड जमला नाही तिला, आणि तोरा बघा."

"केस धरून आणतो आज."

"आण. नाहीतर उद्या गावभर होईल की डल्सीची सून पळाली. मला नाही चालायचं."

डल्सी हे बोलली ते दुकानात साखर मागावी तसं. आत काहीच हललं नाही. हात आपले चालत होते.

एक्सलला ग्रीस चोपडून तिनं तो आरपार सारला, चेन ताणली, नट आवळला. वॉरिकनं बुटानं चाक फिरवून पाहिलं.

"जड फिरतंय गं."

"नवी बेअरिंगं आहेत. सासरी आलेल्या पोरीसारखी. रुळतील."

वॉरिक खो खो हसला. डल्सीनं पाण्याचे दोन कॅन सीटमागे बांधले, वर थंड मटण घातलेल्या पावाची पुडी.

"एवढं पाणी कशाला? दुपारी तर पोचतो."

"त्या रस्त्यावर माणूस नाही की झाड नाही. एकदा तरी आईचं ऐक."

तो पश्चिमेला, ब्रोकन हिलच्या रस्त्यानं गेला. धूळ खाली बसेपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली. मग मागच्या लोकरीच्या खोलीची कडी काढली.

गठ्ठ्यांमागून जनीन बाहेर आली. तिचा एक डोळा सुजून पार मिटला होता.

"किल्ली पिठाच्या डब्यात आहे. पूर्वेचा रस्ता धर," डल्सी म्हणाली, आणि ॲप्रनच्या खिशातून ती पोकळ नळी काढून सुनेच्या हातावर ठेवली.