आगबोटीवरची सासू

माधवीने निजामाच्या काळातल्या एका आगबोटीवरच्या खुनाची कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा सावित्रीबाईंना बरंच वाटलं. घरोघरी येऊ लागलेल्या केबलपेक्षा कागद स्वस्त पडत होते. पण एका दुपारी सून आबिड्सच्या बाजारात गेलेली असताना त्यांनी ते कागद वाचले. गोदावरीतून भद्राचलमला निघालेल्या बोटीवर, कमरेला किल्ल्या खोचणारी एक सासू सुनेच्या हातचे बगारे बैंगन खाऊन मरत होती. सावित्रीबाईंचा हात आपसूक कमरेकडे गेला.

"काय गं, विष कोणतं घातलंस तिला?" संध्याकाळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अजून ठरलं नाही, आई. चव न लागणारं शोधतेय."

झालं! पानं वाढली तशा सावित्रीबाई ताट पुढे सरकवून म्हणाल्या, "नक्को गं बाई. आधी तू खा. माझ्यासमोर, प्रत्येक भांड्यातलं."

माधवी पानावर बसली. पहिला घास घेतला आणि तिने डोळे मिटून घेतले. सावित्रीबाई घाईने पुढे झुकल्या.

"अगं, काय होतंय तुला?"

"काही नाही, आई. या घरात आल्यापासून गरम भात पहिल्यांदाच खातेय."