पिशवीचा तळ

ओतूरच्या बाजारात नेमीचंदशेठनं कुंडलिकभाऊंच्या कांद्याच्या पिशवीचं तोंड सोडलं.

"शेठ, वरूनच बघा की राव. माझ्यावर विश्वास न्हाई का?" कुंडलिकभाऊ दुखावल्यासारखे म्हणाले.

"विश्वास आहे, भाऊ. पण भाव ओतल्यावरच सांगणार." शेठनं हसत पिशवी जमिनीवर ओतली.

संध्याकाळी गावात पारापाशी निवडणुकीचा उमेदवार आला. "रस्ता, पाणी, शेताला दिवसाची लाइट, समदं व्हईल. फकस्त माझ्यावर विश्वास ठेवा." टाळ्या पडल्या. माणसं घरी जायला उठू लागली.

कुंडलिकभाऊ मात्र जागचे हलले नाहीत. "पावणं, बसा. चहा येतोय. दिवसाची लाइट कशी आणणार, ते जरा इस्कटून सांगा. अन् मागच्या खेपंला निवडून आल्यावर काय काय केलं, तेबी."

उमेदवाराचा चेहरा उतरला. "भाऊ, तुमचा माझ्यावर विश्वास नाय?"

"हाय की. पण आज सकाळीच मीबी शेठला ह्येच म्हणालो व्हतो. अन् माझ्या पिशवीच्या तळाला समदा बारीक कांदा व्हता."

उठलेली माणसं हसत पुन्हा खाली बसली.