फोटोतल्या बाईची सही

“फोटो कोणाचा?” कॉनराडने मसाल्याचं पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं.

“आमच्या हिचा,” असं म्हणताना जनार्दन चक्क लाजला.

कॉनराड मूळचा वसईचा, मस्कतमध्ये ट्रेडमार्कचे अर्ज भरून देणाऱ्या कचेरीत कारकून. तो म्हणाला, “मग वहिनींची लेखी संमती लागेल. नाहीतर उद्या कोणीही कोणाचंही थोबाड पाकिटावर छापेल.”

“अरे, पण बायको आहे ती माझी!”

“सरकारला काय माहीत? सही आणा, मी अर्ज लावतो. आणि उशीर नको. तो नक्कलवाला आधी अर्ज घेऊन आला तर निस्तरता निस्तरता नाकीनऊ येतील.”

ओमानमधल्याच इब्री गावच्या बाजारात अमीन अर्बाबच्या, म्हणजे आपल्या मालकाच्या, चक्कीवर जनार्दन नऊ वर्षं मसाला दळत होता. धने किती भाजायचे हे त्याला जयवंतीनेच शिकवलेलं, म्हणून पाकिटावर तिचा लग्नातला फोटो. नथ, मुंडावळ्या, झुकलेली नजर. मसाला हातोहात खपू लागला आणि नक्कल आली. तसंच लाल पाकीट, तशीच नथ, आत निम्मा कोंडा. लोक तो खाऊन जयवंतीला नावं ठेवतात, हे जनार्दनाच्या जिवाला फार लागलं. त्या चेहऱ्यावर सरकारी शिक्का बसायलाच हवा होता.

कॉनराडने मराठीत कागद करून दिला: ‘वरील फोटो माझा असून तो वापरण्यास माझी हरकत नाही.’ जनार्दनाने तो गुहागरला धाडला. सहा वर्षं तो घरी गेला नव्हता. दर खेपेला काहीतरी आडवं यायचं. कधी रमजानचा माल, कधी नवी चक्की. शुक्रवारी मात्र शेजारच्या रखमाबाईंकडे न चुकता फोन करायचा. जयवंतीचा आवाज अगदी होता तसाच होता. ऐकताना त्याला ती नथ घातलेलीच दिसायची.

तीन आठवड्यांनी कागद परत आला. सहीची जागा कोरी. खाली तिचं अक्षर.

‘फोटो माझा आहे असं लिहून द्यायचं म्हणता. उर्वीला दाखवला, तर ती म्हणाली, आई, ही कोण गं? पोरीसमोर खोटी सही कशी करू? माझे केस पुढून पांढरे झालेत, चष्मा लागलाय, दोन दात पडलेत. तुम्ही जिला ओळखता ती बाई आता या घरात राहत नाही. जी राहते तिला एकदा येऊन बघा. मग सांगाल तिथे सही करीन.’

जनार्दनाने चक्की बंद केली. डोळे पुसले, तर बोटांचं तिखट डोळ्यांत गेलं आणि रडायला आयतंच निमित्त मिळालं.

“क्या हुआ? साइन नहीं किया?” अमीन अर्बाबने विचारलं.

“गाव जाना है, अर्बाब. पासपोर्ट दो.”

“और कागज? वो दूसरा आदमी पहले डालेगा.”

“डालने दो.”

अर्बाबने कपाटातून पासपोर्ट काढून दिला. जनार्दनाने सहज उघडला. इथे येण्याआधी काढलेला फोटो होता तो. दाट केसांचा एक सडपातळ तरुण त्याच्याकडे रोखून पाहत होता. जनार्दनाचा हात आपसूक डोक्यावरून फिरला. हाताला काहीच लागलं नाही.

तसाच उठून तो बाजारातल्या स्टुडिओत गेला. टक्कल, ढेरी, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळ्यासकट फोटो काढून घेतला आणि पहिल्या टपालाने गावी पाठवला. मागे लिहिलं, ‘हा मी. उर्वीला रोज दाखवत जा. तूही बघून ठेव. मागोमाग येतोच आहे.’