काशाचा बोकड

प्रोफेसर ओत्तोरिनो काल्देरांचा हात धरून रोझाल्बाने त्यांना बसमधून खाली उतरवलं.

"सावकाश, प्रोफेसर. दगड निसरडे आहेत."

"मला सांगतेस?" म्हातारा हसला. "हे दगड मीच उकरून काढलेत, पोरी."

मागचे तेवीस जणही हसले. सगळे त्यांचे जुने विद्यार्थी. गुरूंच्या पंचाहत्तरीनिमित्त नेपल्सहून एका दिवसाची सहल काढून त्यांनी प्रोफेसरांना त्यांनीच उत्खनन केलेल्या रोमन गावात आणलं होतं. गाईड मात्र इथलीच घ्यावी लागते. रोझाल्बाने नोंदवहीत प्रोफेसरांचं नाव वाचलं आणि दुसऱ्या गाईडच्या हातापाया पडून तिची फेरी मागून घेतली. अकरा वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती. गाईडची परीक्षा दिली तीसुद्धा त्यासाठीच.

तिने त्यांना बाजारपेठ दाखवली, स्नानगृहं दाखवली, रथांच्या चाकांनी दगडात पाडलेल्या चाकोऱ्या दाखवल्या.

"दोन हजार वर्षं झाली," एक टकलू वकील म्हणाला, "तरी आमच्या गल्लीपेक्षा रस्ता बरा आहे!"

"कंत्राटदार मेलाय ना, म्हणून!" कुणीतरी मागून ओरडलं.

रोझाल्बाही हसली. घाई नव्हती. तिला प्रोफेसर ताजेतवाने हवे होते, म्हणून तिने त्यांना दोनदा सावलीत बसवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. दुपारचे बारा वाजले तेव्हा ती सगळ्यांना घेऊन शेवटच्या घरात आली. आतल्या खोलीत भिंतीत एक कोनाडा होता. रिकामा.

"इथे एक बोकड होता," ती म्हणाली. "वीतभर उंचीचा, काशाचा. डावं शिंग तुटलेलं. चौतीस वर्षांपूर्वी तो सापडला आणि तिसऱ्या दिवशी नाहीसा झाला. कुलूप तुटलेलं नव्हतं. किल्ली एकाच रखवालदाराकडे असायची. साबातो त्याचं नाव."

प्रोफेसरांनी टोपी काढून घाम पुसला.

"उत्खननाच्या प्रमुखांनी साक्ष दिली, की चोर साबातोच. साबातो कोर्टात एक शब्द बोलला नाही. चार वर्षांची शिक्षा झाली. सुटून आला तेव्हा गावात कुणी त्याच्या हातचं पाणी घेईना. पुढच्याच वर्षी तो गेला. मी आठ वर्षांची होते. शाळेत मला नाव नव्हतं. चोराची पोर, एवढंच."

आता कुणी हसत नव्हतं.

सुडाचं बाळकडू तिला आईने पाजलं होतं. आसुंता दुसऱ्यांच्या घरचे कपडे धुवायची आणि धुताधुता सांगायची, "काल्देरा. नाव विसरू नकोस. तो वर चढत जाईल. चढू दे. उंचावरून पडलेला जास्त मोडतो." रविवारच्या पेपरात प्रोफेसरांच्या घराचे फोटो आले, तेव्हाही पान पुढे सरकवून पुस्तकांच्या कपाटावर बोट ठेवलं ते आईनेच. "हा बघ."

रोझाल्बाने पिशवीतून दोन मोठे फोटो काढले आणि कोनाड्यात शेजारीशेजारी उभे केले. एक उत्खननाच्या वेळचा. दुसरा पेपरातला, कपाटावरचा. तेच तुटलेलं शिंग.

"सकाळीच पोलिसांना प्रती दिल्यात," ती म्हणाली. "ते आत्ता तुमच्या घरी असतील, प्रोफेसर. दोघेजण इथे फाटकाशीही थांबलेत."

वकिलाने फोटो जवळून पाहिले. मग गुरूंकडे पाहिलं. "सर, काहीतरी बोला. ही बाई खोटं बोलतेय म्हणा."

प्रोफेसर जोत्यावर बसले. त्यांची नजर फोटोंकडे नव्हती. ते रोझाल्बाचा चेहरा न्याहाळत होते.

"साबातोची मुलगी तू?"

"हो."

"आई आहे?"

"आहे. ठणठणीत."

"तिनेच पाठवलं तुला."

"तिनेच," रोझाल्बा मान ताठ करून म्हणाली.

म्हाताऱ्याने बराच वेळ मान हलवली. "मग मला काही बोलायचं नाही," तो म्हणाला. "बोकड माझ्याकडेच आहे. साबातोने चोरला नव्हता."

परतताना त्यांचा हात धरायला कुणी पुढे झालं नाही. निसरड्या दगडांवरून ते एकटेच, भिंतींना धरत, फाटकापर्यंत गेले. रोझाल्बा बघत राहिली. वाटलं होतं तसा आनंद झाला नाही, पण छातीवरची धोंड उतरली.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आसुंता स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. रोझाल्बाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: कोनाडा, फोटो, विद्यार्थ्यांची तोंडं, गाडीत बसवताना पोलिसाने म्हाताऱ्याचं डोकं कसं खाली दाबलं ते. सांगता सांगता तिला रडू फुटलं.

"आई, सगळ्यांसमोर कबूल केलं त्याने. बाबांच्या नावावरचा डाग गेला."

आसुंताने शेंगा बाजूला सारल्या. तिचे गाल लाल झाले होते.

"माझं नाव घेतलं का त्याने?"

"तुझं? नाही. तू आहेस का, एवढंच विचारलं."

"मेला भित्रा," आसुंता म्हणाली. "तेव्हाही भित्राच होता. साबातोच्या उशाखालची किल्ली काढून तो बोकड मी या काल्देराच्या हातात नेऊन ठेवला. शनिवारी आपल्या दोघींना कायमचं रोमला घेऊन जातो म्हणाला होता. तुला कडेवर घेऊन अंधार पडेपर्यंत स्टेशनात उभी होते मी."